विजेची मोटार घरी आणण्यापूर्वी

गेल्या काही वर्षांत पाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा या मुहूर्तांवर घरी येणाऱ्या नव्या मोटारींत हिरव्या क्रमांकपट्टीच्या गाड्या दिसू लागल्या आहेत. हिरव्या पट्टीवर पांढरी अक्षरे, ही खासगी विद्युत मोटारीची ओळख. पेट्रोलचा वास नाही, यंत्राचा आवाज नाही, गिअर बदलण्याचा खटाटोप नाही; त्यामुळे घरातील तरुण मंडळी अशा मोटारीचा आग्रह धरतात. वडीलधाऱ्यांच्या मनात मात्र शंका असतात. वाटेत बॅटरी संपली तर? आग लागली तर? आठ वर्षांनी ही गाडी कोण विकत घेईल?

या शंका जुनाट समजून टाळण्यासारख्या नाहीत, आणि केवळ शंका आहेत म्हणून विषय मिटवावा असेही नाही. मध्यमवर्गीय कुटुंबात घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी बहुधा मोटारीचीच असते. पंधरा-सोळा लाख रुपये गुंतवायचे, त्यांतील बराच भाग कर्जाने उभा करायचा, म्हणजे पुढील पाच-सात वर्षांच्या बचतीचा तो प्रश्न होतो. म्हणूनच शोरूममध्ये जाण्यापूर्वी घरच्या बैठकीत काही गोष्टींचा विचार व्हावा.

गाडी रात्री कोठे उभी राहणार?

पेट्रोलची मोटार घेताना हा प्रश्न सहसा शेवटी येतो. विजेच्या मोटारीच्या बाबतीत तो सर्वप्रथम यावा. ज्या कुटुंबाला स्वतःच्या हक्काच्या जागेत, स्वतःच्या मीटरवरून रात्री गाडी चार्ज करता येते, त्याला ही मोटार सोयीची ठरते. ज्याची गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते, त्याला प्रत्येक वेळी सार्वजनिक चार्जिंग केंद्र गाठावे लागेल. तेथील युनिटचा दर घरच्या दरापेक्षा बराच अधिक असतो आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. रांगेत जाणारा वेळ वेगळाच.

घरी चार्ज करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, पंधरा-सोळा अँपिअरच्या साध्या सॉकेटचा. त्यातून ताशी सुमारे तीन युनिट वीज मिळते; म्हणजे ४० युनिट क्षमतेची रिकामी बॅटरी भरण्यास चौदा-पंधरा तास लागतात. हा आकडा ऐकून अनेकजण दचकतात. परंतु शहरात रोज तीस-चाळीस किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला दिवसाकाठी सहा-सात युनिटच लागतात आणि ती दोन-अडीच तासांत मिळतात. दुसरा मार्ग भिंतीवर बसविण्याच्या ७.२ किलोवॅटच्या चार्जरचा. तो हेच काम निम्म्याहून कमी वेळात करतो. मात्र त्यास ३२ अँपिअरचा प्रवाह लागतो. त्यासाठी स्वतंत्र जाड तार, योग्य एमसीबी, गळती ओळखणारे आरसीसीबी आणि उत्तम अर्थिंग आवश्यक आहे. घराचा मंजूर वीजभार अपुरा असल्यास तो वाढवून घ्यावा लागतो.

येथे काटकसर करू नये. जुन्या इमारतींत अर्थिंग नाममात्र असते. गीझरला किंवा मिक्सरला ते चालून जाते. पण सलग आठ तास पूर्ण भार ओढणाऱ्या चार्जरला चालत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड लावून खिडकीतून खाली सोडलेली तार हा तर सरळ अपघाताला दिलेला निरोप आहे. परवानाधारक वायरमनकडून तपासणी करून घेण्यास लागणारे काही हजार रुपये गाडीच्या किमतीतच धरावेत.

सोसायटी आणि शेजार

बंगल्यात राहणाऱ्यास हे सोपे. सदनिकेत राहणाऱ्यास मात्र सोसायटीच्या कार्यकारिणीपुढे जावे लागते. कायद्याची बाजू ग्राहकास अनुकूल आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वाहनधारक आपल्या घरी किंवा कार्यालयात विद्यमान वीजजोडणीवरून वाहन चार्ज करू शकतो. पुढे विद्युत (ग्राहकांचे हक्क) सुधारणा नियम, २०२४ अन्वये वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्कही ग्राहकास मिळाला.

असे असले तरी नियमाचा कागद पुढे करून बोलणे सुरू करणे शहाणपणाचे नाही. ज्यांच्याबरोबर पुढील वीस वर्षे एका जिन्यावरून ये-जा करावयाची आहे, त्यांच्याशी एका प्लगसाठी वैर धरण्यात काय अर्थ? शेजाऱ्यांच्या हरकती बहुधा तीन असतात. वीज कोणाच्या खर्चाने वापरली जाणार, आगीचा धोका किती, आणि उद्या सर्वांनीच मागणी केली तर काय. तिन्ही हरकती रास्त आहेत आणि तिन्हींना उत्तर आहे.

खर्चाचे उत्तर म्हणजे स्वतःच्या मीटरवरून आणलेली तार किंवा स्वतंत्र मीटर. सामायिक जोडणीतून 'तात्पुरती' वीज घेणे कटाक्षाने टाळावे. आगीबाबत बोलायचे तर चारचाकी वाहनांच्या बॅटऱ्यांसाठी अधिक कडक सुरक्षा मानके डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली आहेत. तथापि लिथियम बॅटरी पेटली तर ती विझवण्यास पुष्कळ पाणी आणि बराच वेळ लागतो, हेही खरे. म्हणून शेजाऱ्यांच्या भीतीला हसण्याऐवजी चार्जिंगची जागा हवेशीर ठेवणे, भोवती रद्दी वा भंगार साठू न देणे आणि वायरिंगचा तपासणी अहवाल कार्यकारिणीला देणे योग्य.

तिसरी हरकत सर्वांत महत्त्वाची आहे. चाळीस सदनिकांच्या इमारतीत प्रत्येकाने सात किलोवॅटचा चार्जर एकाच वेळी लावला, तर २८० किलोवॅटचा भार होतो. इतकी क्षमता जुन्या इमारतींच्या जोडणीत सहसा नसते. मग पहिल्या पाच-सहाजणांची सोय होते आणि मागाहून येणाऱ्यास नकार मिळतो; कलहाचे बीज तेथेच पडते. त्यापेक्षा पहिल्या अर्जाच्या वेळीच सर्वसाधारण सभेत पुढील दहा वर्षांचा विचार व्हावा. काही सामायिक चार्जर बसवून पाळीने वापरणे, किंवा भार आपोआप विभागणारी यंत्रणा घेणे, असे पर्याय आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी छतावरील सौर यंत्रणेस प्रतिकिलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे, आणि या सामायिक वापरात वाहन चार्जिंगचाही समावेश आहे. ठराव लेखी असावा, म्हणजे कार्यकारिणी बदलली तरी तो टिकतो.

वीजबिलातील पायऱ्या

विक्रेते 'किलोमीटरला एक रुपया' असे सहज सांगून जातात. हा हिशेब वीजबिलाच्या पायऱ्या विसरतो. महावितरणच्या घरगुती दराच्या १००, ३०० आणि ५०० युनिट अशा पायऱ्या आहेत. वापर वाढेल तसा वरच्या युनिटचा दर वाढत जातो. समजा, एका कुटुंबाचा मासिक वापर २५० युनिट आहे. महिन्याला १,००० किलोमीटर चालणाऱ्या मोटारीस, चार्जिंगमधील गळती धरून, सुमारे १६७ युनिट लागतात. एकूण वापर ४१७ होतो. म्हणजे मोटारीच्या १६७ पैकी ११७ युनिट ३०० च्या वरच्या, महागड्या पायरीत जातात. घराचा सरासरी दर मोटारीला लावणे म्हणूनच चुकीचे. मोटारीमुळे वाढलेल्या युनिटांचा दर कोणता, ते पाहावे. वाहन चार्जिंगसाठी राज्यात स्वतंत्र दरवर्गवारी आहे. ज्यांचा घरगुती वापर मुळातच अधिक आहे, त्यांनी दोन्ही दर समोर ठेवून स्वतंत्र जोडणीचा विचार करावा.

बचत खरी किती?

आता हिशेबाची वही उघडू. पुढील आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. वाचकांनी आपापले आकडे घालून तो पुन्हा मांडावा.

पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि मायलेज १५ किलोमीटर धरल्यास पेट्रोल मोटारीचा इंधनखर्च किलोमीटरला ७ रुपये येतो. विजेची मोटार मीटरवरील एका युनिटात ६ किलोमीटर जाते आणि युनिटचा दर १२ रुपये आहे असे मानल्यास खर्च २ रुपये. किलोमीटरमागे बचत ५ रुपये. दोन तुल्य मोटारींच्या रस्त्यावरील किमतीत ३ लाखांचा फरक आहे असे धरू. या ३ लाखांवर ९ टक्के दराने पहिल्या वर्षी २७,००० रुपये व्याज होते. हे व्याज बहुतेक हिशेबांत धरलेच जात नाही. रक्कम स्वतःच्या ठेवीतून दिली तरी ठेवीचे व्याज बुडतेच.

वर्षाला ६,००० किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाची बचत ३०,००० रुपये होते. त्यातून व्याज वजा जाता जेमतेम ३,००० उरतात. या गतीने जादा रक्कम फिटण्यास सुमारे २७ वर्षे लागतील, म्हणजे गाडीच्या आयुष्यात ती फिटणारच नाही. ८,००० किलोमीटरला १३ वर्षे, १२,००० किलोमीटरला सुमारे ७ वर्षे, तर २०,००० किलोमीटर फिरणाऱ्यास पावणेचार वर्षांत रक्कम वसूल होते. १२,००० किलोमीटर फिरणाऱ्याने निम्मे चार्जिंग बाहेर, २२ रुपये दराने केले, तर तीच मुदत ७ वरून ९ वर्षांवर जाते.

इंजिन तेल, क्लच, स्पार्क प्लग नसल्यामुळे सर्व्हिसिंगचा खर्च कमी होतो. पण जड वजनामुळे टायर लवकर झिजू शकतात आणि किंमत जास्त असल्याने विम्याचा हप्ता वाढू शकतो. या दोन्ही बाजू साधारण सारख्या धरल्या तरी मुख्य निष्कर्ष बदलत नाही. रोज सांगली-कोल्हापूर किंवा पिंपरी-हिंजवडी अशी ये-जा करणाऱ्यास ही मोटार पैसे वाचवून देईल. रविवारी मंदिरात आणि महिन्यातून एकदा लेकीकडे जाणाऱ्या निवृत्त दांपत्याने ती शांत चालते म्हणून, धूर सोडत नाही म्हणून जरूर घ्यावी. बचतीच्या आशेने घेऊ नये.

कर्ज आणि करसवलत

विद्युत मोटारींवर १ ऑगस्ट २०१९ पासून वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. हा लाभ किमतीतच अंतर्भूत असतो. आयकर कायद्याच्या कलम ८० ईईबी खाली व्याजावर दीड लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते, असे अजूनही सांगितले जाते. ती केवळ १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांनाच लागू आहे. नव्या कर्जदाराने ती हिशेबात धरू नये.

काही बँका विद्युत वाहनासाठी व्याजात अल्प सवलत देतात. परंतु पाव टक्क्याच्या सवलतीपेक्षा कर्जाची मुदत अधिक महत्त्वाची. १० लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे २०,७५८ रुपये आणि एकूण व्याज सुमारे २,४५,५०० रुपये होते. सात वर्षांस हप्ता १६,०८९ रुपयांवर येतो, पण व्याज ३,५१,५०० रुपयांच्या घरात जाते. हप्ता हलका झाला म्हणून लाखभर रुपये अधिक मोजावे लागतात. शिवाय या क्षेत्रात नवी मॉडेले झपाट्याने येत असल्याने जुन्या गाडीचा बाजारभाव सांगणे कठीण असते. गाडी विकावी लागली आणि बाजारभावापेक्षा कर्जाची बाकी जास्त निघाली, असा प्रसंग टाळावयाचा असेल तर मुदत पाच वर्षांहून अधिक नसावी. 'बॅटरी भाड्याने' या योजनांतही सुरुवातीची किंमत कमी दिसते. पण ते एका परीने कर्जच आहे. दरमहा किमान किती किलोमीटरचे पैसे भरावे लागतात, हे करारात वाचून मगच सही करावी.

पल्ला आणि प्रवास

जाहिरातीतील पल्ला हा प्रयोगशाळेतील चाचणीचा असतो. वातानुकूलन, चार प्रवासी, सामान आणि महामार्गावरील वेग यांनी तो कमी होतो. त्यातील दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश धरून चालावे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ताशी शंभरऐवजी ऐंशीने जाणाऱ्याचा पल्ला स्पष्टपणे वाढतो. घाट चढताना टक्के भराभर उतरतात, पण उतारावर मोटारच जनित्राचे काम करून काही वीज परत बॅटरीत भरते.

पुण्याहून कुंभोज-बाहुबलीच्या दर्शनास निघालेल्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. ४५ युनिटची बॅटरी, महामार्गावर युनिटला साडेसहा किलोमीटर आणि १५ टक्के राखीव साठा धरला, तर हाती सुमारे २५० किलोमीटरचा पल्ला येतो. कोल्हापूरपर्यंतचे अंतरच सुमारे २३० किलोमीटर आहे. गणित कागदावर जुळते, पण मनावर ताण राहतो. म्हणून कऱ्हाडच्या आसपास, साठा चाळीस-पंचेचाळीस टक्के असतानाच, अर्धा-पाऊण तासाचा थांबा घ्यावा. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या कुटुंबाने तर जेवणाचा आणि चार्जिंगचा थांबा एकच ठरवावा. जलद चार्जिंग ८० टक्क्यांनंतर मंदावते. तेव्हा पूर्ण भरण्याची वाट पाहत मागच्या गाडीला खोळंबून ठेवू नये. चार्जर बंद असण्याची शक्यता गृहीत धरून पुढचे केंद्र आधीच पाहून ठेवावे, आणि दोन-तीन कंपन्यांची ॲप घरूनच मोबाइलमध्ये घालून त्यांत थोडी रक्कम भरावी. राज्याच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर विद्युत मोटारींना पथकरमाफीची तरतूद आहे. पुणे-कोल्हापूर राष्ट्रीय महामार्ग त्यात नाही.

ज्या घरात एकच मोटार आणि वृद्ध आईवडील आहेत, तेथे एक शिस्त अवश्य असावी. गाडीतील साठा कधीही ३० टक्क्यांखाली ठेवून झोपू नये. मध्यरात्री दवाखाना गाठण्याची वेळ सांगून येत नाही, आणि त्या वेळी चार्जिंगसाठी थांबता येत नाही.

बॅटरी, पाऊस आणि विमा

बॅटरीवर बहुधा आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी मिळते. हमी म्हणजे बॅटरी नव्यासारखी राहील असे नव्हे. क्षमता ठरावीक मर्यादेखाली, साधारणतः ७० टक्क्यांखाली गेली तर कंपनी दखल घेते. काही कंपन्या आजीवन हमी देतात. ती पहिल्या मालकापुरतीच आहे का, हे विचारावे. त्यावर पुनर्विक्रीची किंमत अवलंबून आहे.

बॅटरी एलएफपी प्रकारची आहे की एनएमसी, हेही जाणून घ्यावे. एनएमसी बॅटरी रोज ८० टक्क्यांपर्यंतच भरणे हितावह. एलएफपी बॅटरी अधूनमधून शंभर टक्के भरण्याची शिफारस असते, कारण त्यामुळे साठ्याचा आकडा अचूक राहतो. दोन्ही प्रकारांना अति उष्णता आणि दीर्घकाळ अगदी रिकामे राहणे मानवत नाही. परदेशी मुलांकडे दोन-तीन महिने जाताना गाडी निम्मी भरून सावलीत ठेवावी. मोठ्या बॅटरीखेरीज गाडीत बारा व्होल्टची लहान बॅटरीही असते. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही.

पावसाचा प्रश्न वारंवार विचारला जातो. अनेक बॅटऱ्यांना आयपी-६७ मानांकन असते. त्याचा अर्थ, एक मीटर खोल पाण्यात अर्ध्या तासापर्यंत आत पाणी शिरू नये. ही चाचणी स्थिर पाण्यातली आहे, महापुरातून गाडी हाकण्याचा तो परवाना नव्हे. सांगली-कोल्हापूरकरांना २०१९ चा पूर आठवत असेलच. पाण्यात बुडालेली गाडी सुरू करू नये, चार्जिंगला तर मुळीच लावू नये. ती सपाट वाहनावर चढवून सर्व्हिस केंद्रात न्यावी. चाके जमिनीवर ठेवून ओढत नेल्यास मोटारीचे नुकसान होऊ शकते. विमा घेताना पूर, वीजदाब आणि चार्जिंग करताना होणारे नुकसान यांचा बॅटरीच्या संरक्षणात समावेश आहे का, हे पॉलिसीच्या मजकुरात पाहावे. दलालाच्या तोंडी शब्दावर विसंबू नये.

निर्णयापूर्वीचा एक महिना

पर्यावरणाच्या दृष्टीनेही समतोल विचार हवा. धूर रस्त्यावर निघत नाही, परंतु देशातील विजेचा मोठा हिस्सा आजही कोळशातून येतो. ज्याच्या छतावर सौर पॅनेल आहेत, त्याची मोटार खऱ्या अर्थाने स्वच्छ. तीन किलोवॅटची यंत्रणा दिवसाला सुमारे बारा युनिट देते आणि सूर्यघर योजनेत तिला ७८,००० रुपये अनुदान आहे. घर आणि रोजच्या फेऱ्या, दोहोंची बरीचशी गरज त्यातून भागते.

मोटार घेण्याची घाई नसेल तर एक महिना वही ठेवावी. सध्याची गाडी रोज किती किलोमीटर चालली, सर्वांत लांबचा प्रवास किती झाला, आणि रात्री ती कोठे उभी राहिली, एवढ्या तीनच नोंदी कराव्यात. त्या महिन्यात सोसायटीच्या सचिवांशी बोलणे करावे, वायरमनला बोलावून अर्थिंग तपासावे आणि मागील बारा महिन्यांची वीजबिले काढून ठेवावीत. महिनाअखेरीस तरुणांनी आणि वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून ती वही वाचावी. वर्षाचे किलोमीटर दहा-बारा हजारांवर जात असतील, घरी प्लग मिळत असेल आणि हप्ता पाच वर्षांत फिटण्यासारखा असेल, तर पुढच्या मुहूर्ताला हिरव्या पट्टीची मोटार दाराशी निश्चिंत मनाने उभी करता येईल. यांपैकी एखादी गोष्ट जुळत नसेल, तर जुनी गाडी आणखी दोन वर्षे वापरावी आणि तेवढ्या अवधीत ती जुळवून घ्यावी.